पोटाचं का पाठीचं?

आप्पांनी तुकडा हातात घेतला. खिडकीच्या उजेडाला धरला, उलटा केला, नाकाजवळ नेला. मग पहिला प्रश्न, "पोटाचं हाय का पाठीचं?"

मी सगळी उत्तरं पाठ करून गेले होते. जनावर कुठलं, दिवस किती लागले, खर्च किती आला, ह्यात कुणाचा जीव गेला का. हा प्रश्न काही माझ्या यादीत नव्हता. कारण त्या तुकड्याला ना पोट होतं ना पाठ. दोन पोस्टाच्या तिकिटांएवढा, कोऱ्या चहाच्या रंगाचा तो तुकडा मी प्लास्टिकच्या डिशमध्ये वाढवला होता, बकऱ्याच्या कानातून निघालेल्या पेशींपासून, ३७ अंशांवर ठेवलेल्या कपाटात.

"कुठलंच नाही आप्पा. डिशमधलं आहे."

"मग तळाला चालायचं न्हाई," ते म्हणाले, तुकडा ठोकळ्यावर ठेवला आणि रापीला धार लावायला लागले.

नऊ महिन्यांच्या कामाचा निकाल चार शब्दांत लागला. आमच्या गाईड मॅडमसुद्धा एवढ्या झटपट लावत नाहीत.

ज्यांनी चामडं फक्त दुकानात पाहिलंय त्यांच्यासाठी सांगते. म्हशीचं कातडं सगळीकडे सारखं नसतं. पाठीवरचं, पुठ्ठ्यावरचं जाड आणि घट्ट विणीचं, चपलेचा तळ त्यातून निघतो. पोटाचं सैल, ओलं झालं की पसरतं. गोचिडीने खाल्लेल्या जागी बारीक खड्डे, काटेरी तारेचा ओरखडा, मानेवर जुवाचा घट्टा. आप्पा चामडं जमिनीवर उलगडतात तेव्हा ते जनावर कसं जगलं हे त्यांना दिसत असतं. कुठे कापायचं, कुठे टाळायचं हे त्यावरून ठरतं. माझा तुकडा त्यांना वाचताच येईना. तो कुठेच जगला नव्हता.

आमचं घर कोल्हापूरच्या सुभाषनगरात. आप्पा म्हणजे माझे वडील, चाळीस वर्षं कोल्हापुरी चपला करतात. तळ, टाच, कान, अंगठा, पट्टा ही कामं त्यांची. चपलेवरची वेणी आईची. बकऱ्याच्या पातळ चामड्याच्या पट्ट्या कापून ती अशी वेणी घालते की शाळेत असताना माझ्या केसांची वेणी तिच्या मानाने फारच ढिली वाटायची. मी बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. केलं, दोन वर्षं पुण्यात पेशी वाढवायच्या लॅबमध्ये काढली. तिथे मी "मी आलो", "मी जेवलो" म्हटलं की पोरी हसायच्या. पुण्यात बाई आली पाहिजे म्हणे. कोल्हापुरात आम्ही बायकाही आलो आणि गेलो. आता परत आलोय, इथल्याच एका कॉलेजच्या लॅबमध्ये प्रोजेक्टवर आहे आणि संध्याकाळी सहानंतर इनक्युबेटरचा, म्हणजे पेशी उबेत ठेवायच्या कपाटाचा, एक कप्पा माझा.

हा नाद लागला तो २०२५ च्या एप्रिलमध्ये आलेल्या एका बातमीने. टी. रेक्स डायनासोरच्या कोलॅजेनवरून, म्हणजे कातड्या-हाडांतल्या प्रथिनावरून, चामडं वाढवायचं आणि त्याच्या पर्स करायच्या, असं तीन कंपन्यांनी मिळून जाहीर केलं. जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्यांनी लगेच कपाळाला हात लावला. टी. रेक्स संपून ६.६ कोटी वर्षं झाली, त्याचा डीएनए कुणाकडे नाही, हाडांत कोलॅजेनचे काही तुकडे सापडल्याचे दावे तेवढे आहेत. त्यावर पूर्ण कातडं उभं करायचं म्हणजे दोन शितांवरून पंगतीचा मेनू सांगण्यासारखं. मी बातमी आप्पांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "डायनासोर? त्याची पाठ केवढी आसंल!" माणूस सतत तळ कापायच्याच विचारात.

दोनच महिन्यांनी मिलानमध्ये प्राडा ह्या बड्या फॅशन कंपनीच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी पायताणं, कोल्हापुरीचं नावही न घेता, रॅम्पवर चालली आणि मग आमच्या गल्लीतही कॅमेरे आले. आप्पांना रापी हातात धरून तीनदा उभं केलं. चौथ्यांदा उभं करायला गेल्यावर ते म्हणाले, "आता चप्पल करू का फोटो काढू?" त्या प्रकरणावर इतकं लिहून झालंय की मी काही भर घालत नाही. २०१९ पासून कोल्हापुरीला जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, मिळालाय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत, एवढं ठाऊक असलं तरी पुरे.

तर मूळ मुद्दा. त्या डायनासोरच्या बातमीखाली मराठीत लिहिलं होतं, "प्रयोगशाळेत चामडं वाढवलं." आप्पा तिथेच अडले. "चामडं कसं वाढंल? वाढतंय ते कातडं."

मी जीवशास्त्र शिकले, पण हा फरक मला त्या दिवशी कळला. इंग्रजीत वाचून वाचून मीही दोन्ही एकच समजत होते. कातडं जनावराच्या अंगावर असतं, चामडं नसतं. कातडं तसंच ठेवलं तर सडतं, वाळवलं तर पत्र्यासारखं कडक होतं. हलगीवर असतं ते कातडंच, म्हणून पावसाळ्यात ते सैल पडतं आणि वाजवायच्या आधी जाळावर धरावं लागतं. ते पाण्याला, उन्हाला, पायाला टिकेल असं करायचं म्हणजे ते कमवावं लागतं. कमावणं हा शब्द बघा. पैसे कमावतात, तालमीत अंग कमावतात आणि कातडं कमावतात. तिन्ही ठिकाणी आयतं मिळालेलं काही नसतं.

कमावणारी घरं वेगळी, शिवणारी वेगळी, असं आमच्याकडे पूर्वीपासून आहे. आम्ही शिवणारे. पण आप्पा लहानपणी आज्ज्याबरोबर कमावणाऱ्यांकडे जायचे. चुन्याच्या हौदात कातडी भिजत पडलेली असायची, केस सुटायला. मग आतलं मांस तासायचं. मग कातडं पखालीसारखं शिवायचं, आत बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरायचं आणि टांगायचं. पाणी हळूहळू पाझरायचं, खाली घमेल्यात धरून पुन्हा वर ओतायचं. दिवसेंदिवस. आप्पा म्हणतात, वास इतका असायचा की घरी आल्यावर आज्जी आधी अंगणात अंघोळ घालायची.

केमिस्ट्रीच्या भाषेत हेच सांगायचं तर कातड्याचा जीव म्हणजे कोलॅजेन. तीन धागे एकमेकांना पीळ देऊन झालेला दोर, असे असंख्य दोर एकत्र येऊन झालेले जाड तंतू आणि ते तंतू तिन्ही दिशांना एकमेकांत गुंतलेले. साल आणि हिरड्यातलं टॅनिन ह्या तंतूंमध्ये शिरतं, पाण्याची जागा घेतं आणि त्यांना धरून ठेवतं. मग ते कुजत नाहीत आणि वाळल्यावर एकमेकांना चिकटून कडकही होत नाहीत. जगातलं बहुतेक चामडं आता क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात, ते एका दिवसात उरकतं. अस्सल कोल्हापुरी मात्र बाभूळ-हिरड्याचीच.

म्हणजे लॅबमध्ये वाढवतात ते कातडं आणि ते कमावायचं काम नंतर उरतंच. परदेशातल्या कंपन्याही हेच करतात. पेशींपासून चादर वाढवायची, मग टॅनिंग. फरक इतकाच की केस काढायचे नाहीत, मांस तासायचं नाही, चुन्याचा हौद नाही. सगळ्यात घाण, सगळ्यात जास्त पाणी नासवणारा टप्पाच गळतो. हे थोडं नाही.

माझी सुरुवात मटणाच्या दुकानापासून. रविवारी सकाळी कोल्हापुरात मटणाच्या दुकानापुढे कशी रांग असते हे सांगायला नको. माझा नंबर आल्यावर मी म्हटलं, "मामा, एक कान द्या. आत्ताच कापलेल्या बकऱ्याचा."

"कानाचं काय करतासा?"

"शिकायला पाहिजे."

मागचा माणूस म्हणाला, "रश्श्याला चव येत न्हाई बरं का त्यानं." मामांनी कान कागदात बांधून दिला. पैसे घेतले नाहीत.

कान बर्फात घालून लॅबमध्ये नेला. केस काढले, अल्कोहोलमध्ये बुडवला, अँटिबायोटिकच्या पाण्यात धुतला आणि आतल्या थराचे मोहरीएवढे तुकडे डिशच्या तळाला चिकटवले. वर मीडियम. म्हणजे पेशींचं जेवण, त्यात साखर, क्षार, अमिनो आम्लं. मग वाट बघायची. पहिल्या खेपेला तिसऱ्या दिवशी बुरशी. दुसऱ्या खेपेला सुट्टीत इनक्युबेटरला लागणारा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर संपला आणि नवा यायला आठवडा लागला. कागद टेबलावरून टेबलावर फिरत होता तोवर पेशी मेल्या. तिसऱ्या खेपेला, नवव्या दिवशी, मायक्रोस्कोपखाली तुकड्याच्या कडेने लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी बाहेर सरकताना दिसल्या. ह्या फायब्रोब्लास्ट. कातड्यातलं कोलॅजेन विणणारे विणकर हेच. डिश भरली की त्या एकमेकींना लागून अशा वळतात की अंगठ्याचा ठसा उमटल्यासारखं दिसतं.

पण पेशी वाढल्या म्हणजे कातडं झालं नाही. त्यांनी कोलॅजेन विणून बाहेर टाकलं पाहिजे आणि त्यासाठी त्यांना क जीवनसत्त्व लागतं. ते नसेल तर धाग्यांचा पीळ टिकत नाही. जुन्या काळी महिनोन्महिने समुद्रावर राहिलेल्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं ते ह्याचमुळे. मीडियममध्ये ते लवकर नासतं, म्हणून दर दोन दिवसांनी ताजं घालावं लागतं. रविवारी, सणाला, ज्योतिबाच्या यात्रेदिवशीसुद्धा. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हंजे आवळा. वाढवायला आवळा, कमवायला हिरडा. बेहडा तेवढा राहिला बघ तुझा."

पाच आठवड्यांनी डिशच्या तळाला एक पडदा तयार झाला. चिमट्याने कड उचलली की दुधावरच्या सायीसारखा अख्खा सुटून येतो. ज्या दिवशी तो पहिल्यांदा न फाटता आला त्या दिवशी मी लॅबमध्ये एकटीच ओरडले. वॉचमन वर बघायला आला.

ती साय मोजली, साधारण ०.०४ मिलिमीटर. चपलेच्या तळाला जे चामडं लागतं ते चार मिलिमीटर धरलं तरी अशा शंभर सायी एकावर एक. आणि जाड वाढवायची म्हटलं तर वाढत नाही. शरीरात प्रत्येक पेशीजवळून रक्ताची बारीक वाहिनी जाते. डिशमध्ये वाहिन्या नाहीत. वरून झिरपणारा प्राणवायू एक-दोन दशांश मिलिमीटरपर्यंत पोचतो, त्याखालच्या पेशी गुदमरतात. सगळ्या जगाचं घोडं इथेच अडलंय. नेदरलँड्सचे मार्क पोस्ट, ज्यांनी २०१३ मध्ये लंडनमध्ये लॅबमध्ये वाढवलेल्या मांसाचा पहिला बर्गर लोकांसमोर तळून घेतला (त्या एकाला अडीच लाख युरो लागले होते), तेच पुढे कातडं वाढवणाऱ्या कोरियम कंपनीच्या संस्थापकांत आले. अमेरिकेतली मॉडर्न मेडो २०११ मध्ये पेशींपासूनच सुरू झाली होती. नंतर त्यांनी तो नाद सोडला आणि जनुकं बदललेल्या यीस्टकडून कोलॅजेन करून घ्यायला लागले. मला हे वाचून जरा बरं वाटलं. त्यांच्याकडे पैशाच्या राशी होत्या, माझ्याकडे इनक्युबेटरचा एक कप्पा, आणि अडलो आम्ही दोघं एकाच पायरीवर.

आता आईचा प्रश्न. एका रात्री वेणी घालता घालता तिने विचारलं, "ह्या पेशींना जेवायला काय घालतीस?" मी साखर, क्षार सांगितलं. आणि सीरम. "ते काय?" मी जरा चाचरले. फीटल बोव्हाइन सीरम. परदेशात कत्तलखान्यात गाभण गाय आली की तिच्या पोटातल्या वासराच्या रक्तातून काढतात. पेशींना वाढीसाठी जे जे लागतं ते सगळं त्यात आयतं असतं. अर्ध्या लिटरची बाटली इतकी महाग की आमच्या लॅबमध्ये ती कुलपात असते.

आईचा हात थांबला. "आन् ह्याला बिनजिवाचं चामडं म्हणत्यात?"

खोटं कशाला बोलू, माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता बऱ्याच कंपन्या सीरम न वापरता वाढवायच्या मागे आहेत, त्यातले लागणारे पदार्थ वेगळे तयार करून घालतात. मी माझ्या पुरती सीरमची मात्रा कमी करत आणली, पण शून्यावर नेली की पेशी रुसतात. बिनजिवाचं ह्या शब्दाची थट्टा मात्र आईच्या आधीच कुणीतरी केलेली आहे. ऑस्ट्रेलियातल्या ओरॉन कॅट्स आणि आयोनाट झुर ह्या दोन कलावंतांनी २००४ मध्ये पेशींपासून बोटभर उंचीचं एक बिनशिवणीचं जाकीट वाढवलं आणि त्याला नावच दिलं बळी न घेता केलेलं चामडं. तिरकस नाव होतं ते, त्यांनाही सीरम लागलंच होतं. २००८ मध्ये न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ते जाकीट काचेच्या भांड्यात ठेवलं होतं. ते इतकं भराभर वाढायला लागलं की एक बाही गळायच्या बेताला आली आणि प्रदर्शन मांडणाऱ्या पाओला अँटोनेली यांना त्याचं खाणंपाणी बंद करून ते मारावं लागलं. त्यांना त्याचा त्रास झाला, असं त्यांनीच सांगितलंय.

आप्पांचं म्हणणं आणखी वेगळं. "म्हस काय चपलेसाठी कापत्यात व्हय?" ते खरंच आहे. जनावर मांसासाठी जातं, नाहीतर म्हातारं होऊन मरतं. कातडं मागे उरतं. ते चपलेत आलं नाही तर उकिरड्यावर जातं. लॅबमधल्या कातड्याने म्हशी वाचतील असं मला वाटत नाही. इथली अडचण उलट आहे. २०१५ मध्ये राज्यात बैल कापण्यावर बंदी आली. म्हशीवर तशी सरसकट बंदी नाही, पण कातड्याची गाडी रस्त्यात कुणी अडवली तर आतलं म्हशीचं की बैलाचं हे उभ्या उभ्या कोण सिद्ध करणार? आमच्याकडे माल आणून देणारा एक जण ह्या भीतीने धंदाच सोडून बसला. आता चामडं चेन्नईकडून येतं, भाव आप्पांच्या हातात नसतो. आणि बाजारातल्या चप्पल लाइनीत रेग्झिनच्या कोल्हापुऱ्या लटकतात, त्या व्हीगन म्हणून खपतात. प्लास्टिकला व्हीगन म्हणायची अक्कल कुणाला सुचली त्याला माझा दंडवत.

पुण्यातली माझी रूममेट, मनाने फार चांगली मुलगी. मी फोनवर हे सगळं सांगितलं तर म्हणाली, "किती भारी! आता चामडं एकदम स्वच्छ होईल." त्या स्वच्छ शब्दावर मी दोन दिवस अडकले. शाळेत एका मैत्रिणीकडे गेले की तिची आई मला पाणी वेगळ्या स्टीलच्या ग्लासात द्यायची. तो ग्लास मोरीजवळ ठेवलेला असायचा. तिच्या घरी लग्नात नवऱ्यामुलाला जी कोल्हापुरी दिली ती आप्पांनी केलेली होती. देव्हाऱ्यापासून दोन हातांवर, नव्या धोतराशेजारी, हळदकुंकू लावून ठेवली होती. तर मला असं वाटायला लागलं की वास होता तोवर हे काम आमचं होतं. उद्या कातडं स्टीलच्या टाकीत वाढायला लागलं, पांढऱ्या कोटातली माणसं ते काढायला लागली, वास गेला, विटाळ गेला, की काम कुणाचं होणार? मोरीजवळचा ग्लास ज्यांच्यासाठी होता त्यांचं तर नक्की नाही.

मोठं काही सुचल्यासारखं मी हे जेवताना बोलून दाखवलं. आई म्हणाली, "वास गेला तर बरंच हाय की. तुला कुणी सांगितलं आमाला वास पायजे म्हणून?" आणि आप्पा म्हणाले, "तू हायस न्हवं पांढऱ्या कोटात?"

मी भाकरी मोडत बसले.

कमावण्याकडे येते. बाभळीची साल आणि हिरडा आप्पांनीच ओळखीने आणून दिला.  पहिल्यांदा मी शहाणपणा केला. दाट काढा केला आणि तीन सायी एकावर एक ठेवून थेट त्यात. तासाभरात त्या आकसल्या, सुरकुतल्या, वाळल्यावर पापडासारख्या मोडल्या. आप्पांना फोन केला. "येडी का काय. आधी फिक्कट पाणी, मग जरा दाट, मग दाट. एकदम दाट पाण्यात टाकलं की वरनं पिकतंय आन् आतनं कच्चं राहतंय." नंतर पुस्तकात बघितलं, अगदी हेच लिहिलंय, फक्त पाऊण पान घेऊन. दुसऱ्या खेपेला आठ दिवस लावले. जरा तेल चोळलं. तपासायला एक चिमूट तुकडा गरम पाण्यात धरला. न कमावलेली साय साठ अंशांच्या आसपास एकदम आवळून गोळा झाली, कमावलेली सत्तरच्या पुढेही तशीच होती. म्हणजे चामडं झालं होतं. पतंगाच्या कागदाएवढं, पण चामडं. तेच मी आप्पांकडे घेऊन गेले आणि तळाला चालायचं नाही असं ऐकून आले.

रापीला धार लावून झाल्यावर त्यांनी तो तुकडा पुन्हा उचलला. दुमडला. मोडला नाही. "वळतंय चांगलं," म्हणाले. मग आईकडे दिला. आईने दोन्ही टोकं बोटांत धरली आणि ओढली. टचकन दोन तुकडे.

मला रडूच आलं असतं. आई मात्र फाटलेली कड डोळ्यांजवळ नेऊन बघत होती. "ह्याला ओढ सोसायची सवयच न्हाई," ती म्हणाली.

तिला कसं कळलं देव जाणे, पण मर्म तेच आहे. जनावर चालतं, बसतं, उठतं, ओझं ओढतं, कातडं आयुष्यभर ताणलं जातं आणि तंतू त्या ताणाप्रमाणे विणले जातात. डिशमध्ये साय आडवी पडून असते, खाऊन पिऊन सुखात. तंतू एकावर एक नुसते निजलेले. तालमीत न गेलेलं पोर. पेशींना वाढतानाच ताण दिला तर त्या ताणाच्या रेषेत वळतात, कोलॅजेनही त्याच रेषेत घालतात, हे अनेक लॅबमध्ये दिसलेलं आहे. मी म्हटलं, मग मी दोन टोकांना क्लिपा लावते, रोज एक केसभर ताणते.

"तळाचं सोड," आई म्हणाली. "तळाला जाडी लागती, ती तुझ्याच्यानं व्हायची न्हाई. वेणीचं बघ. वेणीला पातळच लागतंय." आणि माप सांगितलं. दोन सूत रुंद, दोन वीत तरी लांब. त्याहून आखूड असलं तर वेणी पडत नाही, सांधे दिसतात.

दोन वीत. आमच्याकडची सगळ्यात मोठी डिश दहा सेंटिमीटरची, गोल. मी ते हाताने दाखवलं, एवढीशी. आप्पा काही बोलले नाहीत. कोपऱ्यातल्या टाकाऊ चामड्याच्या ढिगातून एक तुकडा काढला, त्यावर आमटीची वाटी उपडी ठेवली, रापीने गोल कापून घेतला. मग कडेपासून दोन सूत आत रापी टेकवली आणि तुकडाच हळूहळू फिरवत राहिले. रापी जागेवर, चामडं फिरतंय. एक वेढा झाला, थांबले नाहीत, आत आत जात राहिले. पट्टी सुटत त्यांच्या मांडीवरून खाली लोंबायला लागली. शेवटी मध्ये रुपयाएवढी चकती उरली आणि जमिनीवर एक लांबच लांब वादी.

मी कागदावर गणित मांडलं. दहा सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ, सहा मिलिमीटरची पट्टी. सव्वा मीटर.

"पण आप्पा, मी तिला एका बाजूने ताणून वाढवली तर गोल कापताना अर्ध्या ठिकाणी तंतू आडवे येतील. तिथे तुटेल."

"मग आधी कशाला ताणतीस? वादी आधी कापायची, मग भिजवून ताणायची. आमी तसंच करतो."

आता माझ्या कप्प्यात सायीची वादी आहे, पेशी अजून जिवंत असतानाच कापलेली. कापायला रापी लॅबमध्ये नेली होती, अल्कोहोलने तीनदा पुसून. एक टोक स्टीलच्या पिनेला, दुसरं बारीक स्क्रूला. रोज संध्याकाळी पाव मिलिमीटर. आज अकरावा दिवस, अजून तुटलेली नाही. आप्पांचा फोन येतो, "किती ताणलंस?" आणि मागून आईचा आवाज, "घाई करू नको म्हणावं तिला."